देवी झालेल्या सम्राज्ञीची पितळी नाणी

इसवी सन 140 सरता सरता रोमच्या सम्राटाची पत्नी फाउस्टिना वारली. वय चाळिशीच्या आसपास. तिचा नवरा अँटोनायनस पायस गादीवर येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तिच्या नावाने नाणी निघाली होती, पण मोजकीच. ती गेली आणि टांकसाळीचं काम मात्र वाढलं. सेनेटने तिला देवत्व बहाल केलं, आणि पुढची वीस वर्षं, थेट 161 मध्ये अँटोनायनस मरेपर्यंत, तिच्या चेहऱ्याची नाणी सोन्यात, चांदीत, पितळेत आणि तांब्यात पडत राहिली. रोमन स्त्रियांच्या नाण्यांत आज तिची नाणी सर्वांत सहज सापडणाऱ्यांपैकी आहेत, आणि त्यांतली बहुतेक तिच्या मृत्यूनंतरची आहेत.

जिवंतपणी जिला दोन वर्षं मिळाली तिला मेल्यावर वीस का मिळावीत? नवऱ्याचं प्रेम हे उत्तर चटकन सुचतं, आणि ते अगदीच खोटं असेल असं नाही. पण विधुर माणूस शोक करायला वीस वर्षं टांकसाळ चालवत नाही. या नाण्यांचं काम काय होतं, ते ती कोणाच्या हातात पडत होती यावरून जास्त कळतं. म्हणून सोन्याची नाणी बाजूला ठेवून आपण या प्रकरणात बाजारात फिरणाऱ्या जड, काळपट नाण्यांकडे पाहू.

नाणं जवळून

सेस्टर्शियस हे रोमचं नेहमीच्या वापरातलं सर्वांत मोठं पितळी नाणं. व्यास 32 मिलिमीटरच्या आसपास, वजन 25 ग्रॅमच्या घरात. आपलं दहा रुपयांचं नाणं 8 ग्रॅमही भरत नाही. तशी तीन एकावर एक ठेवली तरी पारडं सेस्टर्शियसकडेच झुकेल. एवढ्या मोठ्या चकतीवर कोरणाऱ्याला हात मोकळा मिळतो, म्हणून रोमन कलाकुसर पाहायची तर जाणकार सोन्याआधी सेस्टर्शियस पाहतात.

फाउस्टिनाच्या सेस्टर्शियसवर दर्शनी बाजूला तिचा उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. कपाळावरून केस लाटांसारखे मागे गेलेले, आणि त्यांच्या बारीक वेण्या डोक्याच्या माथ्यावर गुंडाळून अंबाड्यासारख्या बसवलेल्या. चांगल्या राहिलेल्या नाण्यावर वेणीचा पेड न् पेड मोजता येतो, मोत्यांच्या सरीही दिसतात. ही केशरचना इतकी तिची स्वतःची आहे की अक्षरं पार झिजली तरी अंबाड्यावरून नाणं ओळखता येतं. काही नाण्यांवर डोक्यावरून पदर घेतलेला आहे, तो धर्मकृत्याच्या वेळी घेतात तसा. कडेने लॅटिन अक्षरं फिरतात: ‘दिवा फाउस्टिना’ किंवा ‘दिवा ऑगस्टा फाउस्टिना’, म्हणजे देवत्व पावलेली फाउस्टिना. मागच्या बाजूला चित्र असतं आणि त्याच्या दोन अंगांना किंवा खाली ‘एस’ आणि ‘सी’ ही दोन मोठी अक्षरं. सेनेटच्या ठरावाने, असा त्यांचा अर्थ. सोन्याचांदीच्या नाण्यांवर ती सहसा नसतात. पितळ-तांब्याच्या नाण्यांची ती ओळखखूण आहे.

धातू आणि मोल

संग्राहक या सगळ्या नाण्यांना सरसकट ‘कांस्य’ म्हणतात, पण सेस्टर्शियस आणि त्याच्या अर्ध्या मोलाचा दुपोंडियस ही पितळी नाणी होती, आणि दुपोंडियसच्या अर्ध्या मोलाचा अस तांब्याचा. सम्राटाच्या दुपोंडियसवर डोक्यावर किरणांचा मुकुट असतो, त्यामुळे तो असपासून वेगळा काढता येतो. सम्राज्ञीच्या नाण्यांवर ही सोय नाही. दोन्हींचा आकार जवळपास सारखा, चेहरा सारखा. धातू पिवळा आहे की तांबूस हे दिसलं तरच निवाडा होतो, आणि दोन हजार वर्षांची हिरवी-काळी पुटं चढलेल्या नाण्यावर ते दिसेलच असं नाही.

ही पितळ करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळतं आणि वाफ होऊन उडून जातं, त्यामुळे उघड्या भट्टीत ते हाती लागत नाही. रोमन कारागीर जस्त वेगळं काढायच्या भानगडीत पडत नसत. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत घालून तापवायचे, म्हणजे आत तयार होणारी जस्ताची वाफ तिथल्या तिथे तांब्यात शिरते. अशी ताजी पितळ सोन्यासारखी चमकते. आज काळवंडलेली फाउस्टिना टांकसाळीतून बाहेर पडताना पिवळीधमक होती.

मोलाचं गणित असं: चार अस म्हणजे एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक डिनॅरियस, आणि शंभर सेस्टर्शियस म्हणजे सोन्याचा एक ऑरियस. साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार दुसऱ्या शतकात 300 डिनॅरियस, म्हणजे 1,200 सेस्टर्शियस होता. पॉम्पेईच्या एका दारूच्या दुकानातल्या भिंतीवरचा मजकूर सांगतो की एका असला साधी दारू मिळते, दोनला बरी आणि चारला नामांकित फालेर्नियन. हे दर फाउस्टिनाच्या आधी साठ-सत्तर वर्षांचे, पण अंदाज येतो. ऑरियस व्यापारी, सरदार, अधिकारी यांच्या थैलीत राहायचा. सेस्टर्शियस आणि अस हमाल, बेकरीवाला, सैनिक, मोलकरीण यांच्या हातून फिरायचे. देवी झालेल्या राणीची ओळख सामान्य माणसाला व्हायची ती इथे.

ही नाणी मात्र आपल्याकडे, भारतात, जवळजवळ सापडत नाहीत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात रोमन सोन्याचांदीच्या नाण्यांची नोंद आहे, आणि ती बदलून घेण्यात फायदा होतो असंही त्यात म्हटलं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकं मिळाली आहेत. सोनं-चांदी कुठेही वजनावर विकली जाते. सेस्टर्शियसचं मोल मात्र धातूपेक्षा सरकारच्या शब्दावर जास्त उभं होतं. तो शब्द साम्राज्याच्या हद्दीबाहेर चालत नव्हता, मग पितळेचं ओझं समुद्रापार कोण आणणार?

टांकसाळीत

रोमची टांकसाळ त्या काळी सीलियन टेकडीच्या परिसरात, आजच्या सान क्लेमेंते चर्चजवळ असावी, असं तिथे सापडलेल्या शिलालेखांवरून दिसतं. हे लेख टांकसाळीच्या कामगारांनीच इसवी सन 115 मध्ये उभारले. त्यांत कामाप्रमाणे वेगवेगळ्या लोकांचे उल्लेख आहेत: कारखान्याचे प्रमुख, ठशाशी संबंधित कारागीर, चकत्या ठेवणारे आणि घण मारणारे. पाडण्याची पद्धत साधी. चेहऱ्याचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर एकाने चकती ठेवायची. मागच्या बाजूचा ठसा कोरलेला दंडगोल तिच्यावर धरायचा. दुसऱ्याने घण घालायचा. एका फटक्यात दोन्ही बाजू उमटतात, आणि चकती जरा सरकली तर अर्धी अक्षरं कडेबाहेर जातात. म्हणूनच एकाच ठशातून निघालेली दोन नाणीसुद्धा हुबेहूब सारखी नसतात.

घणाखालचा वरचा ठसा लवकर झिजतो, तडकतो, बदलावा लागतो. ऐरणीतला ठसा जास्त टिकतो. ही बाब पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आधीच्या बायका, आधीची नाणी

राजघराण्यातल्या स्त्रीचा चेहरा नाण्यावर आणणं रोमला एका दिवसात जमलं नाही. ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या मुलाने, टायबेरियसने, 22-23 साली काढलेल्या दुपोंडियसवर आरोग्यदेवतेचा चेहरा आहे. तो लिव्हियाचा मानला जातो, पण नाण्यावर तिचं नाव चेहऱ्याला जोडलेलं नाही. त्याच सुमाराच्या एका सेस्टर्शियसवर नाव आहे, पण चेहरा नाही. आहे ती खेचरांची झाकलेली गाडी, जिच्यात बसायचा मान मोजक्या स्त्रियांना मिळत असे. कॅलिग्युलाने आपल्या मृत आईच्या, अग्रिपिनाच्या स्मरणार्थ काढलेल्या सेस्टर्शियसवर तिचा चेहरा आणि तीच गाडी एकत्र आली. त्याने आपल्या तीन जिवंत बहिणींनाही नावानिशी नाण्यावर आणलं, तिघी तीन देवतांच्या रूपात उभ्या.

कॅलिग्युलाचा खून झाला, आणि त्याच्यावरच्या रागापोटी त्याच्या चेहऱ्याची पितळ-तांब्याची नाणी वितळवण्याचा ठराव सेनेटने केला. डिओ कॅसियस हा इतिहासकार पुढची गंमत सांगतो: त्या धातूचंही काही भलं झालं नाही, कारण सम्राज्ञी मेसालिनाने त्यातून आपल्या लाडक्या नर्तकाचे, म्नेस्टरचे पुतळे करून घेतले.

दुसऱ्या शतकापर्यंत राजघराण्यातल्या बायकांना देवत्व देणं अंगवळणी पडलं होतं. ट्रेजनची बहीण मार्सियाना, भाची मॅटिडिया, बायको प्लोटिना, हेड्रियनची बायको सबिना, या सगळ्या मरणानंतर देवी झाल्या आणि त्यांची नाणी निघाली. म्हणजे फाउस्टिनाच्या बाबतीत नवं काही घडलं नाही. फरक पडला तो प्रमाणात.

मागची बाजू

दर्शनी बाजू वीस वर्षं एकच चेहरा दाखवत राहिली. मागच्या बाजूवर मात्र टांकसाळीने मोठी चित्रमाला उभी केली.

सुरुवातीला देवत्वाचा सोहळा येतो. गरुड किंवा मोर पंख पसरून उभा. गरुड सम्राटाचा आत्मा वर नेतो, तर मोर हा जूनो देवीचा पक्षी, सम्राज्ञीसाठीचा.  काहींवर चिरंतनतेची देवता, हातात गोल किंवा फिनिक्स पक्षी. धान्याची देवी सीरीस कणसं आणि मशाल घेऊन, तर चुलीची पवित्र देवी व्हेस्टा आपल्या अग्नीसह येते.

सगळ्यांत बोलकं चित्र हत्तींचं. दोन हत्ती, त्यांवर माहूत, मागे गाडी आणि गाडीत बसलेली फाउस्टिना. ही कलाकाराची कल्पना नव्हे. शर्यतींच्या मैदानात खेळांआधी देवांच्या मूर्ती मिरवत नेत, आणि फाउस्टिनाची प्रतिमाही सगळ्या खेळांत मिरवावी असा सेनेटचा ठराव अँटोनायनसने मान्य केला, असं त्याचं जुनं चरित्र सांगतं. रोममधला माणूस सुट्टीच्या दिवशी मैदानात ती मिरवणूक बघायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच चित्र हातात घेऊन भाजी घ्यायचा. ज्याने रोम कधी पाहिलं नाही अशा ब्रिटनमधल्या सैनिकापर्यंत ती मिरवणूक नाण्यातूनच पोचायची.

दुसरं चित्र देवळाचं. समोर सहा खांब, पायऱ्या, आत बसलेली देवी. हे देऊळ रोमच्या फोरममध्ये आजही उभं आहे. हिरवट पट्ट्यांच्या सिपोलिनो संगमरवराचे एकसंध खांब, प्रत्येक सुमारे 17 मीटर उंच: समोर सहा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन. पुढे देवळाचं चर्च झालं, म्हणूनच ते वाचलं. मध्ययुगात जमीन वर चढत गेली. नंतर उत्खननात जुनी पातळी मोकळी केली, त्यामुळे चर्चचं दार आता पायऱ्यांच्या वर अधांतरी लटकल्यासारखं दिसतं. दर्शनी भागावरचा लेख नीट वाचला तर इमारतीचा इतिहास कळतो. खालची ओळ फक्त फाउस्टिनाची. 161 मध्ये अँटोनायनस गेला, तोही देव झाला, तेव्हा त्याचं नाव वरच्या पट्टीवर ‘आणि’ या शब्दासह जोडलं. सम्राट बायकोच्या देवळात मागाहून राहायला आला.

देवी कोणाच्या कामाची

आता मूळ प्रश्नाकडे. अँटोनायनस हा राजाचा मुलगा नव्हता. मूल नसलेल्या सम्राट हेड्रियनने 138 मध्ये त्याला दत्तक घेतलं ते अटीवर: अँटोनायनसने पुढे मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस या दोघांना दत्तक घ्यायचं. या मार्कसचा बाप हा फाउस्टिनाचा सख्खा भाऊ. म्हणजे भावी सम्राट फाउस्टिनाचा भाचा. अँटोनायनस आणि फाउस्टिना यांना चार मुलं झाली. तो सम्राट झाल्यावर जगत होती ती एकटी धाकटी मुलगी, तिचंही नाव फाउस्टिना. 145 मध्ये मार्कसचं लग्न तिच्याशी लावून दिलं.

हा वंशवृक्ष डोळ्यांपुढे आणला की वीस वर्षांचं कोडं उलगडतं. दत्तकांच्या या साखळीत रक्ताचा धागा होता तो फाउस्टिनाकडून. मार्कसची ती आत्या आणि सासू, पुढच्या राण्या आणि राजपुत्रांची आजी. ती देवी असेल तर तिची मुलगी देवीची मुलगी, आणि नातवंडं जन्मतःच देवीची नातवंडं. दत्तकविधानाने जे अधिकार कागदावर आले होते, त्यांना या पूजेने रक्ताचा आधार दिला.

राणीचं आदर्श लग्नही असंच कामाला लावलं गेलं. अँटोनायनसच्या एका सेस्टर्शियसवर तो आणि फाउस्टिना हात हातात घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये खाली, लहान आकारात, मार्कस आणि धाकटी फाउस्टिना हात धरून. ऑस्टिया बंदरात सापडलेल्या शिलालेखावरून कळतं की तिथे नवविवाहित जोडप्यांनी अँटोनायनस आणि फाउस्टिना यांच्या एकोप्याच्या गौरवार्थ वेदीवर पूजा करावी असं ठरलं होतं. अँटोनायनसने पुन्हा लग्न केलं नाही, पण गॅलेरिया लिसिस्त्राते नावाची त्याची रखेल होती, आणि ती फाउस्टिनाचीच मुक्त केलेली दासी. हे तिच्या नावाच्या शिलालेखातच लिहिलेलं आहे. त्या काळच्या समजुतीत हे विपरीत नव्हतं. दुसरं लग्न म्हणजे दुसरे वारस, आणि त्याने सगळी व्यवस्था विस्कटली असती.

पूजेला धर्मादायाची जोडही होती. फाउस्टिनाच्या नावाने गरीब मुलींच्या पालनपोषणाची योजना सुरू झाली, आणि तीही काही दुर्मिळ नाण्यांवर आली. ट्रेजनच्या काळच्या अशाच योजनेत व्हेलेया गावी मुलाला महिना 16 आणि मुलीला 12 सेस्टर्शियस मिळत असल्याची नोंद आहे. त्या पार्श्वभूमीवर खास मुलींसाठी काढलेली योजना उठून दिसते.

तारीख नसलेल्या नाण्यांचा क्रम

सम्राटाच्या नाण्यावर त्याच्या पदांचे आकडे असतात; कितव्यांदा कॉन्सल, कितवं अधिकारवर्ष. त्यावरून साल काढता येतं. देवीला पदं नसतात. त्यामुळे फाउस्टिनाची वीस वर्षांची नाणी म्हणजे पानांचे क्रमांक नसलेली वही होती.

इथे ठशांची झीज कामी येते. एकाच दर्शनी ठशाचा उपयोग मागच्या दोन वेगवेगळ्या ठशांबरोबर झाला असेल, तर ती दोन चित्रं एकाच काळातली. पहिल्या चित्राबरोबर दर्शनी ठसा ताजा असेल आणि दुसऱ्याबरोबर त्याला तडा गेलेला असेल, तर पहिलं आधीचं. अशी शेकडो नाणी जोडत गेलं की साखळी तयार होते. मार्टिन बेकमन या अभ्यासकाने फाउस्टिनाच्या नाण्यांचा असा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे देवत्वाला दहा वर्षं झाली त्या 150 च्या सुमाराला टांकसाळीने पुन्हा जोर धरला होता. ती नाणी शोकाच्या पहिल्या भराने निघाली आणि ओसरली, असं झालं नाही. ठरवून, वर्धापनदिन पाहून ती काढली जात होती.

पुढचा प्रवास

पितळी नाणी लांबवर आणि दीर्घकाळ फिरली. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ गॅरोन नदीच्या पात्रात 1965 नंतर गाळ उपसताना सुमारे 4,000 सेस्टर्शियस मिळाले. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जळून बुडालेल्या जहाजातले ते. त्यांत जुने, गुळगुळीत झालेले सेस्टर्शियस आणि अँटोनायनसच्या काळातले एकत्र होते. फाउस्टिनाची नाणी शंभर-शंभर वर्षं हातोहात जात राहिली, इतकी की नाक, ओठ सपाट होऊन नुसता अंबाडा उरला. तिसऱ्या शतकात चांदीचं नाणं खालावत गेलं, भाव चढले आणि सेस्टर्शियस पाडणं परवडेना. 260 नंतर गॉलमध्ये वेगळं राज्य थाटणाऱ्या पोस्टुमसने तर दुसऱ्या शतकातले झिजलेले सेस्टर्शियस गोळा करून त्यांच्यावरच आपला ठसा मारला आणि त्यांचं मोल दुप्पट ठरवलं.

प्रबोधनकाळात पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनोने रोमन सेस्टर्शियसच्या इतक्या सफाईदार प्रती काढल्या की त्या आज स्वतःच संग्राह्य आहेत. नवशिक्याने सेस्टर्शियस विकत घेण्याआधी अक्षरं तपासावीत: प्रतींमध्ये ती फार रेखीव, फार सारख्या अंतरावर असतात. रोमच्या ठशाला घाई असायची.

या सगळ्या नाण्यांतून बाई म्हणून फाउस्टिना कशी होती हे कळत नाही. जुन्या चरित्रात तिच्या मोकळ्या वागण्याबद्दल कुजबुज आहे. नाण्यांवर ती व्हेस्टाच्या शेजारी उभी आहे. दोन्ही मजकूर पुरुषांनी आपापल्या गरजेने लिहिले. तिचा स्वतःचा एक शब्दही उरलेला नाही, आणि टांकसाळीला त्याची गरजही नव्हती. मेलेली राणी चुकत नाही, बोलत नाही, नवा वारस जन्माला घालत नाही. तिच्यावर हवं ते चित्र बसवता येतं.

तिच्या मुलीचं तसं नव्हतं. धाकट्या फाउस्टिनाला 147 मध्ये पहिलं मूल झालं आणि तिला ‘ऑगस्टा’ हा किताब मिळाला. तेव्हापासून किमान तेरा बाळंतपणांतून जाणाऱ्या, जिवंत सम्राज्ञीची नाणी निघू लागली, ज्यांवर दोन, चार, सहा पोरं तिच्या अंगाखांद्यावर दिसतात. आईच्या नाण्यांनी घराण्याला वर स्वर्गात जागा मिळवून दिली होती. मुलीच्या नाण्यांवर खाली पृथ्वीवर वारस दाखवायची जबाबदारी आली. ती कशी पार पाडली गेली, ते पुढच्या प्रकरणात पाहू.